भाकरी थापणारी

उपासना संपली, शेवटचं गीत झालं, आणि पाळक कमळाकर चष्मा पुसत पुढे आले. पेणच्या महिला मेळाव्यासाठी यंदा आपल्या रोह्याच्या मंडळीला बायबलमधला पाच भाकरी आणि दोन मासळ्यांचा उतारा, प्रभूने तेवढ्यात पाच हजारांना जेवू घातलं तो, मिळाला आहे, असं त्यांनी सांगितलं. हौसाने नकळत पदर सावरला. दरसाल हे काम तिचंच असायचं. पेणच्या ख्रिस्ती देवळात उभं राहून उतारा उलगडून सांगायचा, नि परत येताना बायकांनी "हौसा, काय बोललीस गो आज," म्हणायचं, हे इतकी वर्षं चालत आलं होतं की ती अर्धी उठलीसुद्धा होती.

"यंदा सरूबाई बोलतील," पाळक म्हणाले. "त्यांच्या घरात प्रभूने जे केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. चमत्काराचा उतारा आहे, तर ज्यांना चमत्कार घडला त्यांच्याच तोंडून ऐकू या."

हौसा खाली बसली. शेजारी बसलेल्या बायजाआजीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. तो हात हौसाला नकोसा झाला. पुढच्या रांगेत सरू दोन्ही हातांनी तोंड झाकून "मी? मला काय येतंय?" म्हणत होती आणि बायका तिला कोपराने ढोसत हसत होत्या.

सरू ही हौसाची धाकटी जाऊ. हौसाचा नवरा जनू, सरूचा कान्हू. दोघे सख्खे भाऊ. त्यांचा बाप बाबाजी तरुणपणी एका मिशनच्या इस्पितळात माळीकाम करायचा, तिथून तो ख्रिस्ती होऊनच गावी परतला. तेव्हापासून रोह्याजवळ, धाटावच्या अलीकडच्या वस्तीत या एका घरात रविवार पाळला जायचा. शेजारीपाजारी सगळे भातवाले, वालवाले हिंदू. गणपतीत त्यांच्याकडून मोदक यायचे, नाताळात यांच्याकडून करंज्या जायच्या. बाबाजी गेल्यावर घराच्या मधोमध कुडाची भिंत पडली. अलीकडे जनू-हौसा, पलीकडे कान्हू-सरू. भिंत पातळ होती. पलीकडे कोणी शिंकलं तर अलीकडे कळायचं.

धाटावला कारखाने आले तसे दोघे भाऊ एकाच कंपनीत, एकाच खात्यात लागले. आणि आदल्या वर्षी भातकापणीच्या दिवसांत कॉस्टिकची, कातडी जाळणाऱ्या सोड्याची पाइप तडकली तेव्हा दोघे एकाच शिफ्टला, एकाच पाइपाखाली होते. दोघांच्याही तोंडावर उडालं. दोघांनाही एकाच गाडीतून इस्पितळात नेलं. पट्ट्या सुटल्या तेव्हा कान्हूला खिडकी दिसली, खिडकीतला कावळा दिसला, सरूचं रडकं तोंड दिसलं. जनूला काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, आणि पुढेही नाही.

मंडळीने दोघांसाठी सारखीच प्रार्थना केली होती. पाळक कमळाकर दोघांच्या खाटांमध्ये गुडघे टेकून बसले होते, एक हात याच्या कपाळावर, एक हात त्याच्या. हौसा तिथेच उभी होती. तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं की हात दोघांवर सारखाच होता.

नंतर सरू साक्ष द्यायला लागली. आधी रोह्यात, मग नागोठण्यात, मग कोणाच्या ना कोणाच्या घरच्या प्रार्थनेत. "प्रभूने आमचे डोळे राखले," असं ती म्हणायची आणि तिचा गळा भरून यायचा. ती खोटं बोलत नव्हती, नाटकही करत नव्हती. हेच हौसाला सोसत नव्हतं. सरू नाटकी असती तर बरं झालं असतं. ऐकणाऱ्या बायका डोळे टिपायच्या आणि मग कोणीतरी हौसाकडे वळून हळूच म्हणायचं, "प्रभूची इच्छा, बाय. त्याचं त्यालाच ठाव." जणू तिच्या घरात प्रभू आलाच नव्हता, नुसता निरोप धाडला होता.

ती जळायची. सकाळी कान्हू अंगणात आरशाच्या तुकड्यात बघून दाढी करायचा, ती जळायची. पलीकडे सरू त्याला "ह्यो सदरा नका घालू, डाग हाय," म्हणायची, ती जळायची. तिला स्वतःच्या मनाची भीती वाटायची. एकदा कान्हूला ताप आला तेव्हा, आता कळंल हिला, असं तिच्या मनात येऊन गेलं. त्या दिवशी तिने दोन वेळा जेवण टाळलं, पण आलेला विचार काही माघारी गेला नाही.

सरूला उतारा मिळाला त्याच आठवड्यात एका दुपारी ती वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप घेऊन अलीकडे आली. ओटीवर जनू बसला होता. डोळे गेल्यापासून शेंगा सोलायचं काम त्याने आपण होऊन घेतलं होतं. सरूने सूप त्याच्या हाताशी ठेवलं आणि चुलीपाशी हौसाच्या समोर बसली.

"वयनी, मला ह्यो उतारा समजावून सांगा ना. वाचते मी, पण बोलायचं म्हटलं की तोंड सुकतंय. तुमी सांगाल तसंच बोलेन."

हौसा भाकऱ्या थापत होती. तांदळाच्या पिठाला तिने पाण्याचा हात लावला. तिच्या डोक्यात जे आलं ते तिथल्या तिथे आलं, आधी ठरवलेलं नव्हतं. पुढे तिने स्वतःला हेच पुष्कळदा सांगितलं.

काही वर्षांपूर्वी पेणच्या मेळाव्यात मुंबईहून एक उपदेशक आले होते. त्यांनी ह्याच उताऱ्याचा एक वेगळाच अर्थ सांगितला होता. डोंगरावर माणसं जमली तेव्हा प्रत्येकाच्या कमरेला शिदोरी होती, पण सोडायची कोणी? सोडली तर शेजारच्याला द्यावी लागेल. मग एका पोराने आपल्या पाच भाकरी पुढे केल्या, ते बघून एकेकाला लाज वाटली, एकेकाची गाठ सुटली, आणि सगळ्यांना पुरून उरलं. हाच चमत्कार, असं ते म्हणाले होते. त्यावर पेणच्या मंडळीतले वडीलधारे माधवराव, शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, भर सभेत उठले होते. "म्हणजे प्रभूने काहीच केलं नाही? हे आमच्या देवळात चालायचं नाही," असं म्हणून त्यांनी त्या पाहुण्याला खाली बसवलं होतं. सरू तेव्हा लग्न होऊन यायची होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"हे बघ," हौसा म्हणाली, "भाकऱ्या काय आभाळातून पडल्या नायत. लोकांजवळ होत्याच." आणि तिने तो अर्थ सांगितला. नीट सांगितला, रंगवून सांगितला. शिदोरीच्या गाठी, इकडे तिकडे बघणारी माणसं, ते पोर. सांगताना तिचं तिलाच बरं वाटत होतं, कारण सांगण्यात ती हुशारच होती.

सरू तोंड उघडं टाकून ऐकत होती. "किती सोपं केलंत वयनी," ती म्हणाली. "हे मला सांगता येईल. हे मी बघितल्यासारखं वाटतंय."

ती गेल्यावर ओटीवरून जनूचा आवाज आला. "हौसा, त्या मास्तरांनी एका पाव्हण्याला खाली बसवलेला, तो ह्योच अर्थ ना?"

"तुम्हाला काय आठवतंय. तो वेगळा व्हता."

शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मेळाव्याच्या दिवशी रोह्याच्या बायका एसटीने निघाल्या. नागोठणं गेलं, वडखळच्या नाक्यावर गाडी थांबली तेव्हा डोलवीच्या कारखान्यातल्या कामगारांची झुंबड चढली आणि उतरली. सगळा वेळ सरू खिडकीशी बसून ओठ हलवत होती. तिचे डोळे सुजलेले दिसत होते. हौसाने एकदा विचारलं, "झोपली नाय काय गो?" सरूने मान हलवली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात कंडक्टर आला. मग तिने परत खिडकीकडे तोंड वळवलं. घाबरली आहे, हौसाला वाटलं. आणि आपल्याला त्याचं बरं वाटतंय, हेही तिला कळलं.

पेणचं देऊळ भरलं होतं. पुढे खुर्चीवर माधवराव बसले होते, पांढरंशुभ्र धोतर, काठी गुडघ्यांच्या मध्ये. पाळक कमळाकरांनी सरूची ओळख करून दिली, कान्हूच्या डोळ्यांची गोष्ट थोडक्यात सांगितली, आणि सगळ्यांच्या माना कौतुकाने वळल्या. सरू उभी राहिली. आवाज आधी फुटेना. मग एकदा फुटला तो थांबेना.

हौसाने सांगितलं होतं तसंच ती सांगत होती, पण तिच्या पद्धतीने. डोंगरावरची माणसं तिच्या बोलण्यात रोह्याच्या बाजारातली झाली. एक म्हातारी पदराखाली शिदोरी लपवत होती, एक बाप्या पाठ फिरवून गुपचूप घास मोडत होता. मागच्या बायका हसल्या. पण "भाकरी वाढली नाय, गाठी सुटल्या" असं ती म्हणाली तेव्हा पुढच्या दोन रांगा चुळबुळल्या. कोणीतरी जीभ चावली. पाळक कमळाकरांनी चष्मा काढला.

हौसाने मांडीवरचे हात घट्ट धरले. तिच्या छातीत धडधडत होतं, आणि त्या धडधडीत एक गोडी होती.

माधवराव उठले. "बाई," ते शांतपणे म्हणाले, "मग ह्यात चमत्कार कुठे? लोकांनी आपापली भाकर खाल्ली. प्रभूने काय केलं? आणि तसंच असेल तर तुमच्या यजमानांच्या डोळ्यांचं काय? तो चमत्कार की तीही कोणाच्या शिदोरीतली भाकर?"

सरूने इकडे तिकडे पाहिलं. तिची नजर हौसावर आली, आणि हौसाने मान खाली घातली.

"व्हय," सरू म्हणाली.

"काय व्हय?"

"शिदोरीतलीच व्हती." तिचा आवाज चिरकला. "मला ठाव नव्हतं, मास्तर. वर्षभर मी सांगत फिरले की प्रभूने डोळे राखले. काल रात्री ह्यांना म्हणून दाखवत व्हते, आज काय बोलायचं ते. पोराने भाकर काढून दिली, इथवर आले आणि हे ढसढसा रडाया लागले. मग बोलले. पाइप फुटली तवा जवळ पाण्याचा एकच नळ व्हता. दोघांचं तोंड पेटलेलं. माझ्या मोठ्या दिरांच्या हाताला आधी नळ लागला. त्यांनी आपलं तोंड नाय धुतलं. ह्यांची मानगूट धरून ह्यांचं डोस्कं नळाखाली घातलं. हे ओरडत व्हते, सुटायला बघत व्हते, तरी दिरांनी सोडलं नाय. मंग आपलं धुतलं. तवर उशीर झालेला." तिने पदराने तोंड पुसलं. "कोणाला सांगू नको म्हणून त्यांनी ह्यांना शपथ घातली. वयनींनापण ठाव नाय. आता मला सांगा मास्तर, ह्याच्यात प्रभूने काय केलं नि मोठ्या दिरांनी काय केलं ते मला येगळं काढता येत नाय. मी अडाणी हाय."

ती मटकन खाली बसली. माधवराव उभेच राहिले, काठीवर दोन्ही हात ठेवून. पुढे ते काय म्हणाले, म्हणाले की नाही, हे हौसाला कधीच आठवलं नाही. देवळातली प्रत्येक बाई वळून तिच्याकडे बघत होती. वर्षभर ज्या नजरेची तिला भूक होती ती नजर आज सगळ्यांच्या डोळ्यांत होती, आणि तिला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

परतीच्या गाडीत सरू दोन वेळा "वयनी" म्हणाली. हौसाने खिडकीकडे तोंड फिरवलं.

घरी आली तेव्हा दिवेलागण होत होती. जनू ओटीवर होता. तिने पायांतल्या वहाणाही काढल्या नाहीत.

"नळाखाली आधी कोणाचं डोस्कं घातलंत?"

जनूचा हात शेंगांत थांबला. "कान्हूने सांगितलं?"

"मला पेणला कळलं. भर देवळात. दुसऱ्याच्या तोंडून. मी बायको तुमची, आणि मला शंभर बायकांच्या संगतीने कळलं."

"सांगितलं असतं तर तू त्यांच्या घरचं पाणीतरी प्याली असतीस?"

"नसते प्याले! कशाला प्यायचं?" तिचा आवाज भिंतीपलीकडे जात होता, जाऊ दे, तिला वाटलं. "तुमचे डोळे काय तुमच्या एकट्याचे व्हते? घडीभर माझा विचार आला नाय तुमच्या मनात? भाऊ आठवला, मी आठवले नाय?"

जनूने हातातली शेंग सुपात ठेवली. मग म्हणाला, "त्या टायमाला कोण आठवत नाय गो. हाताला त्याची मान लागली, एवढंच. इचार करायला सवड आसती तर काय केलं आसतं, मला ठाव नाय. इस्पितळात पट्ट्या सुटल्या, तो 'कावळा दिसतोय' म्हणून ओरडला, तवा मला वाटलं, मी चुकलो. किती रात्री मी त्याला मनात शिव्या घातल्या, तुला काय सांगू."

हौसा पायरीवर बसली. वर्षभर आपण एकट्याच जळत होतो असं तिला वाटलं होतं. शेजारच्या अंथरुणावरचा माणूसही जळत होता आणि तिला त्याचा वासही आला नव्हता.

"एक इचारू?" जनू म्हणाला. "खरं सांग. तुला माझे डोळे परत पायजेत, का त्याचे जायला पायजेत?"

तिने लगेच उत्तर दिलं नाही. लगेच देता आलं नाही, ह्यातच उत्तर होतं, आणि ते त्यालाही कळलं.

"कधी कधी दुसरं," ती शेवटी म्हणाली.

"हं," जनू म्हणाला. "मलापण."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती भिंतीला वळसा घालून पलीकडे गेली. सरू मागच्या दारी भांडी घासत होती. कान्हू शिफ्टला गेला होता.

"सरू, तुला मी जो अर्थ सांगितला तो पेणला चालणार नाय, हे मला ठाव व्हतं. मागे एकाला तिथून खाली बसवलेलं. तुझी फजिती व्हावी म्हणून सांगितला."

सरूने हातातलं पातेलं खाली ठेवलं. हौसाला वाटलं होतं ती रडेल, गळ्यात पडेल. तशीच पोर होती ती. पण सरूचा चेहरा लाल झाला.

"मी तुमच्या पाया पडून शिकायला आले व्हते," ती म्हणाली. "मी सगळीकडं सांगते, मला जे येतंय ते वयनींनी शिकवलं. आणि तुमी हे केलंत? माझ्या नवऱ्याचे डोळे गेले आसते तर तुमचं पोट थंड झालं आसतं ना?" आणि मग, श्वास घेऊन, "जा तुमी. आता जा."

हौसा परत आली. सरूचं खरं होतं.

वालाचा हंगाम सरला तरी दोन घरांत बोलणं नव्हतं. म्हणजे बायकांचं नव्हतं. कान्हू मात्र, जो वर्षभर भावाच्या ओटीवर पाय ठेवत नव्हता, तो आता शिफ्ट सुटली की सरळ तिथे येऊन बसू लागला. हौसाने त्याला गर्विष्ठ ठरवून टाकलं होतं. आता तिला कळलं, त्याला तोंड दाखवायला जागा नव्हती. दोघे भाऊ फारसं बोलत नसत. कान्हू विडी पेटवायचा, एक जनूच्या हातात द्यायचा. हौसा चहा ठेवायची. कप खाली ठेवताना तिची नजर त्याच्या डोळ्यांकडे जायचीच. चांगले, पाणीदार डोळे होते. ती आत निघून यायची.

रविवारच्या उपासनेला ती जाईनाशी झाली. मग एका संध्याकाळी पाळक कमळाकर सायकलवरून आले. ओटीच्या कडेला अवघडून बसले.

"हौसाबाई, माझं चुकलं," ते म्हणाले. "ज्या घरात डोळे राहिले त्याला मी चमत्काराचं घर म्हणालो. दुसऱ्या घराला काय म्हणावं ते मला कळलं नाही, म्हणून मी काहीच म्हणालो नाही. पेणचे माधवरावही विचारत होते. ते म्हणाले, हौसाबाईंना बोलू दे. तुम्ही यंदा बोलला नाहीत. आपल्याकडे बोला, तोच उतारा."

"माझा विश्वास उरलाय की नाय तेच मला ठाव नाय, पाळकसाहेब."

"तर तेच सांगा," ते म्हणाले.

तिने रविवारपर्यंत तो उतारा वाचला. पाठ होता, तरी वाचला. चुलीपुढे बसून, भाकरी तव्यावर टाकून, पुस्तक मांडीवर घेऊन. उताऱ्यात पुढे असं आहे की लोक दुसऱ्या दिवशी होड्या घेऊन प्रभूला शोधत पलीकडच्या तीरावर गेले, आणि तो त्यांना म्हणाला की तुमचं पोट भरलं म्हणून तुम्ही आलात. इथे ती थांबायची. ज्यांचं भरलं नाही त्यांनी काय करावं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. मग ती परत मागे जायची, त्या पोरापाशी. आणि शनिवारी, पिठाचा गोळा हातात असताना, तिला ते दिसलं. इतकी वर्षं ती हा उतारा समजावत आली होती आणि तिने ते पाहिलं नव्हतं.

रविवारी ती उभी राहिली तेव्हा सरू सगळ्यांत मागे, दाराजवळ बसली होती. तोंड फिरवून.

"त्या पोराजवळ पाच भाकरी व्हत्या," हौसा म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा भरदार नव्हता. "सगळे इचारतात, त्या पाच भाकरी पाच हजारांना कशा पुरल्या. मी पण तेच इचारत आले. पण त्या थापल्या कोणी? पोर काय थापतंय? त्याच्या आईने थापल्या. पहाटे उठून जवाचं पीठ मळलं आसंल, चुलीपुढे धूर खाल्ला आसंल. आणि तिने त्या पाच हजारांसाठी थापल्या नव्हत्या. आपल्या पोरासाठी थापलेल्या. तिला कोणी इचारलं नाय. तिच्या हातचं तिथं डोंगरावर वाटून टाकलं. लोक जेवले, उरलेल्याच्या टोपल्या भरल्या, चमत्कार झाला. ती घरीच व्हती."

बायजाआजी पुढे सरकून ऐकत होती.

"सांजच्याला पोर घरी आलं आसंल. बोललं आसंल, आये, मी देऊन टाकल्या. मंग आई काय बोलली? पुस्तकात नाय. मला वाटतं, ती रागावली. खूप रागावली. त्या पोरावर, त्या पाच हजारांवर, आणि घेणाऱ्यावरपण. ज्यांची पोटं भरली त्यांची तोंडं तिला बघवली नसतील. काहीबाही तिच्या मनात आलं आसंल, कोणाला सांगू नये असं." हौसा थांबली. तिने दाराकडे पाहिलं. "कोणाची फजिती व्हावी, असंही आलं आसंल. तिने केलीपण आसंल. ते तिने करायला नको व्हतं. इथपर्यंत मला कळतं. पुढचं कळत नाय. म्हणून मी इथंच थांबते."

ती खरंच थांबली. पाळक कमळाकर काहीतरी बोलायला पुढे झुकले, पण त्याआधी बायजाआजीचा जुना, फाटका आवाज आला.

"पुढचं मी सांगते. मी सहा पोरं वाढवली. रागावली तर रागावली. रागावून झाल्यावर आई एकच इचारते. तू खाल्लंस काय रं?"

बायकांत हसू फुटलं, ओलं हसू. हौसा उभीच होती. तिच्या लक्षात आलं की तिने जनूला हे कधीच विचारलं नव्हतं. दोष दिला होता, जाब मागितला होता, पण हे नाही.

सभा सुटल्यावर सरू दारातच उभी होती. हौसा जवळ आली तशी ती बाजूला झाली, वाट देण्याइतकी. "उद्याला नाचणी दळायला जाते," ती दुसरीकडे बघत म्हणाली. "तुमचं काय आसंल तर द्या." आणि पुढे चालू लागली. एवढंच. हौसाने ते एवढंच घेतलं.

घरी जनू ओटीवर वाट बघत होता. ती आत जाऊन हातपाय धुऊन आली आणि त्याच्या समोर बसली.

"अवो, तुमी खाल्लंत काय?"

"काय खाल्लं? तू वाढलंस कुठं अजून?" जनू चिडून म्हणाला. "मघापासून बसलोय."

तिला हसू आलं आणि रडूही. मग तिने त्याला सगळं सांगितलं, त्या आईचं, बायजाआजीचं. "कान्हूभावजींना डोळे दिलेत," ती म्हणाली, "तुमच्या पोटात काय पडलं का त्यातलं? का नुसतेच रिकामे आलात?"

जनूने विचार केला. त्याला घाईने खोटं बोलायची सवय नव्हती.

"सकाळी शिफ्टला निघताना तो सायकलची घंटी वाजवतो," तो म्हणाला. "उगाच. रस्त्यात कोण नसतं. मला ऐकू यावी म्हणून वाजवतो. त्या टायमाला बरं वाटतं. जेवल्यासारखं. रोज नाय वाटत. कधी कधी."

"मला तेव्हाच जळतं," हौसा म्हणाली.

"ठाव हाय. तू भांडी आपटतेस."

ती उठली, चूल पेटवली आणि परातीत पीठ घेतलं. पहिली भाकरी तव्यावर फुगली तशी तिने ती तशीच गरम जनूच्या ताटात वाढली, त्याचा हात धरून कुठे काय आहे ते दाखवलं, आणि त्याने पहिला घास तोंडात घालीपर्यंत तिथेच बसून राहिली.